विचारा तर खरं : किनाऱ्यावरचा स्टोव्ह

प्रश्न : डिसेंबरात तारकर्लीजवळ आणि जुलैत आंबोलीला आम्ही चौघे तंबूत राहणार आहोत. दुकानदार म्हणतो, थंडीत साधा ब्युटेन चालत नाही, प्रोपेन मिसळलेल्या डब्याचा महाग स्टोव्ह घ्या. घ्यावा का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नको. ब्युटेनचा वायू होणं थांबतं ते उणे ०.५ अंशाला. तेवढी थंडी आंबोलीतही पडत नाही. प्रोपेन हिमालयात जाणाऱ्यांना लागतो. तुमचा खरा त्रास वारा आणि दमट हवा.

चौघांच्या जेवणाला पेटीसारखा कॅसेट स्टोव्ह घ्या. बूड रुंद असल्याने वाळूत कलंडत नाही. तरी खाली फळी हवीच, नाहीतर बर्नरमध्ये वाळू जाते. मोठ्या आचेवर २२० ग्रॅमचा डबा साधारण दीड तास पुरतो. उकड्या तांदळाची पेज करणार असाल तर जास्तीचा डबा ठेवा.

डबा बसवताना त्याच्या कड्यावरची खाच वरच आली पाहिजे. ती खाली गेली की वायूऐवजी पातळ ब्युटेन बर्नरमध्ये येतो आणि ज्वाळा भडकते. दुसरी चूक भल्या मोठ्या तव्याची. तो डब्याच्या कप्प्यावर आला की उष्णता खाली परतते, डबा तापून आतला दाब वाढतो. स्टोव्ह आपोआप बंद झाला तर तो बिघाड नव्हे, सुरक्षेची कळ सुटलेली असते. पुन्हा पेटवण्याआधी डबा निवू द्या.

आडोसा एकाच बाजूला, बर्नरपासून वीतभर लांब. जांभ्याचे दोन-तीन चिरे पुरतात. चारही बाजूंनी कोंडलंत तर डबा तापलाच म्हणून समजा. संध्याकाळच्या चहाला खारा वारा समुद्राकडून येतो, पहाटेच्या चहाला मतलई वारा जमिनीकडून. म्हणजे चिरे रोज दोनदा हलवायचे!

प्रश्न : पावसात बटण दाबलं की ठिणगीच पडत नाही. – एक वाचक, गुहागर

उत्तर : बर्नरजवळच्या ठिणगीच्या टोकावर ओल किंवा मीठ साचलं असेल. गॅस बंद करून, डबा काढून कोरड्या फडक्याने पुसा. तरीही काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात बरोबर असू द्या. आणि पाऊस कितीही कोसळो, स्टोव्ह तंबूत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेर उंच ताडपत्री बांधा, दोन बाजू उघड्या ठेवा.