पैसे ग्रेसमध्ये दिले, पॉलिसी ग्रेसनंतर निघाली

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात लिहिते, कारण मी वकील आहे आणि असे मेसेज मला वरचेवर येतात, फक्त गाव आणि तारखा बदलतात. तुम्ही नाशिकला घरून केकच्या ऑर्डरी घेता, नवऱ्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, म्हणजे दोघांच्याही मागे ना कंपनी ना ग्रुप इन्शुरन्स. १२ ऑगस्ट २०२३ ला दोघांची मिळून आरोग्य विम्याची फ्लोटर पॉलिसी घेतलीत, मॅटर्निटीसकट, वेटिंग २४ महिने, म्हणजे तेवढा काळ बाळंतपणाचा खर्च कंपनी देत नाही. २०२४ च्या रिन्यूअलला हात तंग होता म्हणून थांबलात, ३ सप्टेंबरला एजंटला जीपे केलंत, गणपती तोंडावर आले होते, ऑर्डरींच्या गडबडीत विसरून गेलात. एजंटने पैसे भरले १४ सप्टेंबरला. आता डॉक्टरांनी जानेवारीअखेरची तारीख दिलीय आणि हॉस्पिटलच्या टीपीए (कंपनीचे क्लेम बघणारी मधली संस्था) डेस्कवरचा मुलगा म्हणतो की तुमचं मॅटर्निटीचं वेटिंग सप्टेंबर २०२६ ला संपतं, कॅशलेस (बिल कंपनीने परस्पर भरणं) विसरा. आणि एवढं सगळं लिहून तुमचा मुख्य प्रश्न काय, तर "वेटिंग कमी असलेली दुसरी चांगली कंपनी सुचवा".

नाही सुचवत. सहावा महिना चालू असताना कुठलीही कंपनी बदलून या बाळंतपणाचा एक रुपया मिळणार नाही. नऊ महिने किंवा एक वर्ष वेटिंगवाल्या पॉलिसी बाजारात आहेत, पण नऊ महिने आज मोजायला घेतले तरी बाळ त्याच्या आत येणार. आणि प्रपोजल फॉर्ममध्ये गरोदर आहात का हे स्पष्ट विचारलेलं असतं, तिथे "नाही" लिहायला सांगणारा कुणी भेटला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. ते खोटं उद्या मॅटर्निटीच नाही, बाकीचे क्लेमही घेऊन बुडेल.

तुमच्या केसमध्ये सगळं एका शब्दावर अडलंय, तो शब्द म्हणजे सलग. मॅटर्निटीच्या कलमात नुसतं २४ महिने लिहिलेलं नाही, २४ महिने सलग कव्हर असं आहे. बारा ऑगस्ट २०२३ पासून सलग धरलं तर वेटिंग ऑगस्ट २०२५ मध्येच संपलं आणि जानेवारीचं बाळंतपण आरामात बसतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून नव्याने धरलं तर बसत नाही. बाकी कंपनी चांगली की वाईट, क्लेम सेटलमेंट रेशो किती, यूट्यूबवर कोण काय म्हणालं, हे सगळं या घडीला बिनकामाचं आहे.

पहिली पॉलिसी ११ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संपली. वर्षाचा प्रीमियम एकदम भरणाऱ्यांना ग्रेस (मुदत संपल्यावर पैसे भरायची सवलत) ३० दिवस, म्हणजे १० सप्टेंबरपर्यंत. या ३० दिवसांत पैसे भरले तर आधी साठवलेलं वेटिंग शाबूत राहतं. (एक गैरसमज इथेच काढून टाका, वार्षिक प्रीमियमवाल्यांना ग्रेसमध्ये सलगपणा मिळतो, कव्हर नाही. त्या मधल्या दिवसांत कुणी अ‍ॅडमिट झालं तर सहसा खिशातूनच.) तुमचे पैसे कंपनीत पोचले १४ ला. चार दिवस. या चार दिवसांवर तुमचं वर्षभराचं वेटिंग पाण्यात गेलंय, निदान कंपनीचं म्हणणं तरी तसं आहे.

आता मी तुमच्यावर चिडलेय ते का, ऐका. तुम्ही मला चाळीस पानांचा पीडीएफ पाठवलात, त्यात सगळ्या अटी आहेत, व्याख्या आहेत, हॉस्पिटलांची यादीसुद्धा आहे, फक्त पहिलं पान नाही. त्या पानाला शेड्यूल म्हणतात आणि तुमची केस त्याच पानावर आहे. सप्टेंबर २०२४ ला एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पॉलिसी पाठवली ती तुम्ही उघडलीच नाहीत हे तुम्हीच कबूल केलंय. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस मिळतात, पटली नाही तर परत करायला, चूक दिसली तर ओरडायला. तेव्हा एक ईमेल टाकला असतात तर आज हे काहीच लिहावं लागलं नसतं.

असो. ते पान आज काढा आणि त्यात बघा, पहिल्या पॉलिसीची सुरुवात किंवा इन्सेप्शन डेट म्हणून काय छापलंय. तिथे २०२३ ची तारीख असेल किंवा आधीचा पॉलिसी नंबर "रिन्यूअल ऑफ" म्हणून दिलेला असेल, तर कंपनीने स्वतःच्या हाताने उशीर माफ केलाय असं म्हणायला भक्कम जागा आहे. ग्रेसनंतरही जोखीम बघून रिन्यू करून देणं कंपनीच्या मर्जीवर असतं आणि कंपन्या कधीकधी देतातही. मग डेस्कवरच्या मुलाच्या स्क्रीनवर काहीही दिसो, छापलेलं शेड्यूल त्याच्यावर चढतं. पण तिथे १४ सप्टेंबर २०२४ असेल आणि प्रकार "फ्रेश" किंवा "न्यू" लिहिलेला असेल, तर आठवून बघा, त्या दिवशी एजंटने फोन करून ओटीपी मागितला होता का? बहुतेक मागितला असेल आणि तुम्ही क्रीमने भरलेल्या हातांनी सांगून टाकला असेल. तो ओटीपी म्हणजे नव्या प्रपोजलवरची तुमची सही होती. कंपनी पहिल्यांदा तोच कागद पुढे करणार.

मग उरतो एजंट. तुम्हाला वाटतं "मी तर ग्रेसमध्ये पैसे दिले होते", आणि माणूस म्हणून तुमचं बरोबर आहे, पण कायदा विचारतो पैसे कुणाला दिले. इन्शुरन्स अ‍ॅक्ट १९३८ चं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. त्याच कलमात पुढे असंही आहे की एजंटने कंपनीच्या वतीने प्रीमियम गोळा केला तर सुट्ट्या सोडून २४ तासांत त्याने तो कंपनीकडे जमा करायचा. तुमच्या एजंटने अकरा दिवस काढले. हे तुमच्या बाजूचं आहे. पण फार खूश होऊ नका. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये हर्षद शाह विरुद्ध एलआयसी या केसमध्ये सांगितलंय की एजंटला प्रीमियम गोळा करायचा अधिकारच दिलेला नसेल तर त्याला दिलेले पैसे म्हणजे कंपनीला दिलेले पैसे नव्हेत. ती लाइफची केस होती, पण तत्त्व तुमच्याही अंगावर येऊ शकतं. दोनच वर्षांनी दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या विधवेच्या केसमध्ये त्याच कोर्टाने पगारातून हप्ता कापणाऱ्या मालकाला एलआयसीचा एजंट मानलं, कारण कर्मचाऱ्याला तसं भासवलं गेलं होतं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. २०२३ चा पहिला प्रीमियमही याच माणसाच्या नंबरवर गेला होता का, त्याची पावती कंपनीच्या नावाने आली होती का, कंपनीने कधी हरकत घेतली होती का, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आणि हो, तो नक्की एजंट आहे की ब्रोकरचा माणूस? तुम्हाला फरक वाटत नसेल पण एजंट कंपनीचा असतो आणि ब्रोकर कायद्याने तुमचा प्रतिनिधी असतो. ब्रोकरने उशीर केला तर कंपनी सरळ हात झटकते, मग भांडण ब्रोकरशी. शेड्यूलवरच मध्यस्थाचं नाव, कोड आणि प्रकार छापलेला असतो. परत तेच पान, बघा.

आता काय करायचं. एजंटला फोन करून भांडू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा प्रश्न टाका, "३ सप्टेंबरला मी पाठवलेला रिन्यूअलचा प्रीमियम तुम्ही १४ तारखेला का भरलात?" तो जे उत्तर देईल ते तुमचा पुरावा. "सॉरी ताई गणपतीत राहून गेलं" एवढं जरी लिहिलं तरी माझ्यासारख्या वकिलाला पुरेसं आहे. मग जीपेचा स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंट, दोन्ही वर्षांची शेड्यूलं आणि तो चॅट जोडून कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला ईमेल करा, मागणी एकच ठेवा, पॉलिसी १२ ऑगस्ट २०२३ पासून सलग धरून तसं एंडोर्समेंट (पॉलिसीतली लेखी दुरुस्ती) द्या. हे बाळंतपणाच्या आधी करा, क्लेम नाकारला जायची वाट बघत बसू नका. विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तीच तक्रार टाकून ठेवा.

महिन्यात उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, आणि वकील असून हे सांगतेय म्हणजे समजा. ऑफिसं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, तुमचा जिल्हा कुणाकडे येतो ते त्यांच्या साइटवर बघून घ्या. नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, नाही पटला तर ग्राहक आयोग उघडाच आहे, उलट मात्र जमत नाही, आयोगात केस चालू असेल तर लोकपाल घेत नाही. ग्राहक आयोगात जायला २०१९ च्या कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे आणि कायद्यात लिहिलंय की तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. ते वाक्य वाचून मला दर वेळी हसू येतं. तीन महिन्यांत कंपनीचं लेखी म्हणणं दाखल झालं तरी आम्ही एकमेकांना चहा पाजतो. आज टाकलेल्या केसचा निकाल लागेपर्यंत तुमचं बाळ बालवाडीतून येऊन "आई कोर्ट म्हणजे काय" विचारेल.

किती पैशांसाठी हे सगळं, तेही बघा. तुमच्या पॉलिसीत मॅटर्निटीला सब-लिमिट (जास्तीत जास्त मिळणारी रक्कम) आहे, नॉर्मलला ३५ हजार आणि सिझेरियनला ५० हजार. एवढ्यासाठी वकील लावाल तर फीमध्येच जाईल. पण मला काळजी वेगळी आहे. तुमच्याच पॉलिसीत नवजात बाळाचं कव्हर मॅटर्निटीचा क्लेम मान्य झाला तरच पहिल्या दिवसापासून आहे, नाहीतर ९० दिवसांनंतर नाव घालता येतं. देव न करो पण बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवायची वेळ आली तर खरा आकडा तिथे असतो, ५० हजारांत नाही. म्हणून ईमेलमध्ये बाळाच्या कव्हरचंही स्पष्ट विचारा. आणि सिव्हिल हॉस्पिटलचं नाव काढलं की नाक मुरडू नका, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. निदान तिथे नाव नोंदवून ठेवा, दुसरा पर्याय हाताशी असावा.

प्रायव्हेटमध्ये गेलात तर बिल भरा आणि तरीही क्लेम टाकाच, कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, पॉलिसीत कागद द्यायची मुदत असते ती पाळा. कुणी म्हणेल डॉक्टरांना सांगून निदान वेगळं लिहून घेऊ, तसलं काही नको, जिंकायची केस हरून बसाल. मॅटर्निटी वगळायच्या कलमातून एक्टोपिक प्रेग्नन्सी (गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा) मात्र बाहेर ठेवलेली असते, ती खरोखर असेल तर वेटिंग आडवं यायला नको. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

जीएसटीचं विचारलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तुम्ही रिन्यू केलंत आठवडाभर आधी. ते पैसे गेले.

तुमच्या जाऊबाई ट्यूशन घेतात, नवीन लग्न झालंय, त्यांनी काय घ्यावं म्हणता. कंपनीचं नाव मी सांगत नाही, पण तुमच्या-त्यांच्यासारख्या कमाईवाल्यांना, जिथे एक महिना चांगला आणि दोन कोरडे, एजंट लोक मासिक हप्ता गळ्यात मारतात. मासिक हप्त्याला ग्रेस ३० नाही, १५ दिवस आहे. ऑटो डेबिटच्या दिवशी खात्यात पैसे नसले, बँकेचा मेसेज बघायचा राहिला, पंधरा दिवस गेले की सगळं वेटिंग पुन्हा शून्यावर. जमत असेल तर दोन किंवा तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरायची सोय असलेली पॉलिसी बघावी, मध्ये तुटायची जागाच उरत नाही. दिरांची आधीची पॉलिसी असेल आणि त्यात जाऊबाईंचं नाव आता घातलं, तर पॉलिसी कितीही जुनी असो, त्यांचं वेटिंग नाव घातलं त्या दिवसापासून. काही पॉलिसींत नवरा-बायको दोघंही एकाच पॉलिसीत असल्याशिवाय मॅटर्निटी मिळतच नाही, तेही वाचून घ्या. आणि वेटिंगच्या काळात भरलेला जादा प्रीमियम बेरीज करून सब-लिमिटशेजारी मांडा. समजा मॅटर्निटीसाठी वर्षाला १२ हजार जास्त जातायत आणि तीन वर्षांनी ३५ हजारच मिळणार, तर त्यापेक्षा पोस्टात आरडी काढा आणि साधी पण मोठ्या रकमेची पॉलिसी घ्या.

शेड्यूलचं पान मिळालं की मला पाठवा, दोन्ही वर्षांचं. आणि तुमचं पुढचं रिन्यूअल १३ सप्टेंबर २०२६ ला आहे, गणपती बसतायत १४ ला. मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्या आधी, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून भरा.