नायक कुठे घडतो

प्रिय विद्यार्थिमित्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले नाटकाचे दोन्ही अंक लक्षपूर्वक वाचले. गावची माणसे तुला नेमकी ऐकू येतात आणि संवादांना ठसका आहे. मात्र ज्याला तू नायक म्हणून उभे केले आहेस तो शूर, देखणा आणि सदाचारी असूनही नायक वाटत नाही, आणि त्याचे कारण तुला सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

संस्कृत नाट्यशास्त्राने धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार मानले. दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त विनय, माधुर्य, त्याग, दक्षता, कुल, तारुण्य अशी नायकाच्या गुणांची मोठी यादी दिली आहे. यादी खोटी नाही, पण तू ती पात्राला जशीच्या तशी चढवलीस. तुझ्या नायकाला एकाही गुणाची किंमत मोजावी लागत नाही. तो दयाळू आहे, कारण दया करताना त्याचे काहीच जात नाही.

उद्योगपर्वातला कर्ण आठव. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेतो, त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि राज्य, पाच भाऊ, ज्येष्ठपणाचा मान असे सर्व काही त्याच्यापुढे ठेवतो. एका होकाराने युद्ध टळले असते. कर्ण नकार देतो: अधिरथ आणि राधेने आपल्याला वाढवले, दुर्योधनाने आपल्या भरवशावर हे वैर पत्करले, आता पाठ फिरवणे शक्य नाही. आपला पक्ष बुडणार हे तो स्वतःच कृष्णाला सांगतो. शिवाय ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस अशी विनंती करतो, कारण कळली तर धर्मराज राज्य आपल्या हाती देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू, हे त्याला ठाऊक आहे. याच कर्णाने भर सभेत द्रौपदीचा घोर अपमान केला होता आणि महाभारत त्याला ते माफ करत नाही. तरीही सुटकेची वाट मोकळी असताना ती नाकारून परिणाम स्वतःच्या अंगावर घेणारा हा माणूस त्या क्षणी नायक होतो, आणि केवळ निर्दोष असलेली कितीतरी पात्रे होत नाहीत. म्हणून नायकत्व आणि सज्जनपणा यांची गल्लत करू नकोस.

सीतेचेही असेच आहे. दळताना ओव्या गाणाऱ्या बायांनी रामाच्या धनुष्यापेक्षा तिचा वनवास अधिक आळवला, आणि मला त्यांचा निवाडा पटतो. पुन्हा एकदा शुद्धतेची ग्वाही मागितली जाते तेव्हा ती ग्वाही तर देते, पण अयोध्येत परतत नाही, धरणीला हाक मारते. तिच्या हातात शस्त्र नाही, कुणाचा वधही नाही. आहे तो केवळ निर्णय.

लोककथेत हे आणखी साधेपणाने दिसते. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने 1928 साली अद्भुतकथांमधील 31 कार्ये, म्हणजे कथेत ठरावीक क्रमाने येणाऱ्या कृती, मांडली. त्यांत जादूची वस्तू हाती येण्याआधी ती देणारा दाता नायकाची परीक्षा घेतो. थोरले भाऊ वाटेतल्या म्हातारीला हिडीसफिडीस करून पुढे जातात, धाकटा शिदोरीतली भाकर तिला देतो. त्याला बक्षिसाची कल्पना नसते, हे महत्त्वाचे. ती असती तर तो नुसता व्यवहार ठरला असता.

आता तुझ्या खलनायकाविषयी, म्हणजे त्या सावकाराविषयी. नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा नरकासुर उभारण्यासाठी आपल्या गोव्यातली मुले रात्री जागतात, आणि त्याच्यासमोरचा कृष्ण बहुधा लहानच असतो. यात मला वावगे दिसत नाही, प्रतिनायक भव्य असायलाच हवा. मात्र या कथेतले नाट्य शोधायचे झाले तर ते वधात शोधू नकोस, वधानंतर शोध: कैदेतून सुटलेल्या सोळा हजार स्त्रियांना समाज थारा देणार नाही म्हणून कृष्णाने त्यांना आपले नाव दिले, अशी लोकपरंपरेची समजूत आहे. वध करणे त्याला सोपेच होते.

पेडण्याकडच्या जत्रेत दशावतार पाहशील तेव्हा युद्धनृत्याच्या आधीचा वाद नीट ऐक. तिथे लिखित संहिता नसते, नट संवाद आयत्या वेळी रचतात, तरीही जाणता नट असुराच्या तोंडी असा युक्तिवाद घालतो की राजाला उत्तर शोधावे लागते. तुझा सावकार असा एकही प्रश्न विचारत नाही, त्यामुळे तुझ्या नायकाला विचारच करावा लागत नाही.

दुसऱ्या अंकातली मारामारी काढून टाक. त्या जागी सावकाराने नायकाच्या बहिणीचे कर्ज माफ करण्याची तयारी दाखवावी, आणि बदल्यात फक्त एका साक्षीच्या वेळी गप्प राहायला सांगावे; ही बहीण त्या वेळी रंगमंचावर हजर असू दे आणि तिलाही तिचे मत मांडू दे. तो प्रवेश आधी लिहून पाठव, बाकीच्या दुरुस्त्या त्यानंतर पाहू.

तुझा शुभचिंतक