'पुनरुत्पादन खर्च' आणि 'प्रतिस्थापन खर्च' : एकच का?

विचारणा अशी आहे : पाणीपुरवठा व मलनिःसारण यंत्रणेच्या मूल्यांकन अहवालाचं मराठी करताना 'reproduction cost' आणि 'replacement cost' हे दोन शब्द वारंवार येतात. दोन्हींना एकच शब्द वापरला तर चालेल का?

नाही चालणार. बिडाची जुनी जलवाहिनी घ्या, शिसं ओतून सांधे केलेली. हुबेहूब तशीच वाहिनी आजच्या दराने टाकायची तर जो येईल तो पुनरुत्पादन खर्च. तेवढंच पाणी तेवढ्याच दाबाने पोचवणारी, पण डक्टाइल आयर्नची (सहज न तडकणाऱ्या सुधारित बिडाची) किंवा पीव्हीसीची वाहिनी टाकली तर तो प्रतिस्थापन खर्च. पहिल्यात वस्तू तीच, दुसऱ्यात काम तेच. शिशाचे सांधे आता कोण करत बसणार? त्यामुळे मूल्यांकनकार बहुधा दुसराच धरतात.

काही जण 'प्रतिस्थापन'ऐवजी 'पुनर्स्थापना' लिहितात. मी ते टाळेन, कारण वाहिनीसाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करण्यालाही तोच शब्द लागतो आणि तो खर्च याच अंदाजपत्रकात असतो.

खरी अडचण पुढच्या शब्दाची आहे, 'depreciation', ज्याला सरसकट 'घसारा' लिहितात. हिशेबनीस मूळ खर्च ठरावीक वर्षांत वाटून टाकतो, तो त्याचा घसारा. आयुष्य 50 वर्षं धरलं, तर एक्कावन्नाव्या वर्षी वहीत वाहिनी शून्याची. जमिनीखाली मात्र पाणी वाहतंच असतं. शंभरी ओलांडलेल्या बिडाच्या वाहिन्याही वापरात आहेत. मूल्यांकनकार वही बाजूला ठेवून विचारतो, नव्याच्या तुलनेत हिचं मोल किती उतरलं? गंज, गळती ही झीज झाली. पण वाहिनी ठणठणीत असून वाढत्या वस्तीला अपुऱ्या व्यासाची असेल, किंवा शुद्धीकरण केंद्र नव्या मानकांना पुरं पडत नसेल, तर तिथे काय घासलं गेलं? मोठा कारखाना बंद पडून क्षमता पडून राहिली, तर दोष यंत्रणेचा नाहीच. या सगळ्याला 'घसारा' म्हणणं ओढूनताणून आहे. माझी पसंती 'मूल्यघट' या शब्दाला. त्याखाली झीज, कार्यात्मक कालबाह्यता आणि बाह्य घट असे तीन पोटभाग. 'घसारा' हिशेबनीसाकडेच राहू द्यावा.

आणि नुसतं 'मूल्य' लिहू नका. विकासकाने स्वखर्चाने टाकून हस्तांतरित केलेली वाहिनी पाणीदर ठरवताना गुंतवणुकीत सहसा धरत नाहीत, पण तिचा प्रतिस्थापन खर्च पुरेपूर असतो. कोणतं मूल्य ते दर वेळी लिहावंच लागतं.