नैरोबीला निघताना लेकाला काय सांगाल?

तुम्ही विचारलंत, ऑगस्टमध्ये पुण्याहून नैरोबीला निघायचंय, मुलगा पाच वर्षांचा आहे आणि त्याच्या पुस्तकातली आफ्रिका म्हणजे सिंह, झोपडी आणि भाला. त्याला तिथल्या लोकांबद्दल काय नि कसं सांगायचं? माझी मुलगी इथे नैरोबीतच वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, 'आफ्रिका' शिकवायला जाऊच नका. 54 देश आहेत, पोराच्या काय, आपल्याही डोक्यात मावत नाहीत. एकट्या केनियातच चाळीसहून जास्त समाज, बहुतेकांची बोली वेगळी. त्याला एकेक शेजारी कळू दे, तेवढं पुष्कळ.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. तुमच्याकडे नाचणीची आंबील होते ना? नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. ज्वारीही आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी हे दाणे आपल्याकडे पोचले आणि आपण त्यांना आपलंच म्हणायला लागलो. केनियात नाचणीला 'विंबी' म्हणतात आणि तिची पातळ 'उजी' लहान मुलांना सकाळी देतात. माझ्या लेकीला शाळेत पहिल्यांदा उजी मिळाली, तेव्हा घरी येऊन म्हणाली, "आज आजीची आंबील होती, पण गोड!" निघण्याआधी महिनाभर घरात आंबील करा आणि ही गोष्ट सांगा.

मग नावं. मुलांना नावांच्या गोष्टी फार आवडतात. केनियातल्या लुओ समाजात जन्माच्या वेळेवरून नाव ठेवतात: रात्री जन्मला तो ओतिएनो, सकाळची ती अकिन्यी, पाऊस पडत असताना आला तो ओकोथ. किकुयू समाजात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. तुमच्या घरात आजोबांचं नाव नातवाला दिलं असेल, तर हे त्याला समजावून सांगावंच लागणार नाही.

स्वाहिली या इथल्या भाषेतले ओळखीचे शब्द त्याला स्वतःला शोधू द्या. गाडी 'गारी', विमा 'बिमा', साबण 'साबुनी', दुकान 'दुका'. 'सिम्बा' म्हणजे सिंह, हा मात्र निव्वळ योगायोग, तो शब्द इथलाच. मोठ्यांना 'शिकामो' म्हणायला शिकवा, ते 'मराहाबा' म्हणतील. आपल्या वाकून नमस्काराइतकं त्याला इथे मोल आहे.

पण सगळंच 'अगदी आपल्यासारखं' म्हणत बसू नका. मसाई लोक परंपरेने गाईचं दूध पितात, काही प्रसंगी रक्तही. तो "शी!" म्हणेल. म्हणू दे. फक्त त्याच्या पाठोपाठ आपण नाक मुरडायचं नाही.

एक चूक माझी. उत्साहाच्या भरात मी लेकीला समाजांची नावं पाठ करून घेतली. तिने फाटकावरच्या आस्कारीला, म्हणजे रखवालदाराला, विचारलं, "तुमची जमात कुठली?" तो हसला, पण उत्तर दिलं नाही. 2007च्या निवडणुकीनंतर इथे जमातींवरून हजाराहून जास्त माणसं मारली गेली. त्यामुळे हा प्रश्न अनोळखी माणसाला विचारायचा नसतो, जसं आपल्याकडे कुणी आडनावावरून जात काढत बसलं तर बरं वाटत नाही तसं.

आणि सगळ्यात अवघड भाग आपल्याच लोकांचा आहे. भारतीय कुटुंबं भारतीय सोसायटीत राहतात, मुलं भारतीय मुलांबरोबर खेळतात, आणि घरात दिसणारा आफ्रिकी माणूस एकच: भांडी घासणारा किंवा गाडी चालवणारा. मुलाला जे दिसतं तेच तो शिकतो. तेव्हा डॉक्टर, पोहण्याचे सर, शेजारी निवडताना थोडा विचार करा. वर्गातल्या केनियन मित्राला घरी जेवायला बोलवा, त्याच्या घरी पाठवा. फोनवर आजी-आजोबांच्या तोंडी 'तिकडचे काळे' आलं, तर त्याच्यासमोरच टोका, वाईटपणा येईल तो घ्या.

बोमास ऑफ केनिया या केंद्रात वेगवेगळ्या समाजांची घरं आणि नाच एकाच जागी बघायला मिळत; ते चालू असल्याची खात्री करून तिथे एखादी सुट्टी ठेवा. स्वेटर मात्र हातातल्या पिशवीत असू द्या. नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे, आणि ऑगस्टमध्ये विमानातून उतरताच पोरगा विचारणार, "आई, आफ्रिकेत थंडी कशी?"