आईची वही आणि साठ वर्षांचा हिशेब

प्रश्न : आईने एका वहीत बालकवी, भा. रा. तांबे, बहिणाबाई, मर्ढेकर, बोरकर, कुसुमाग्रज यांच्या कविता उतरवून ठेवल्या आहेत. रोज एक फेसबुकवर टाकावी असं मनात आहे. खाली कवीचं नाव आणि ‘साभार’ लिहिलं की झालं ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. नाव द्यायलाच हवं, पण ‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे. आपल्याकडे कवितेवरचा कॉपीराइट, म्हणजे ती छापण्याचा हक्क, कवी गेल्यावर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात; तोवर परवानगी लागते. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच सर्वांच्या झाल्या. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७पासून मोकळ्या आहेत. तांबे १९४१ साली गेले. तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमाने त्यांची मुदत १९९१अखेर संपायची. पण रवींद्रनाथही त्याच वर्षी गेले होते. त्यांच्या साहित्याचे हक्क त्यांनीच स्थापलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडे राहावेत म्हणून कायद्यात १० वर्षं वाढवली गेली, आणि तांब्यांची कविताही तेवढी अडकली.

बहिणाबाईंचा हिशेब नीट समजून घ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. गाणी घरच्यांनी उतरवून घेतली. त्या १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. कवीच्या मागे प्रथम छापलेल्या साहित्याची मुदत प्रकाशनापासून धरतात, म्हणून त्या पुस्तकातली गाणी २०१३पासून खुली झाली. प्रस्तावना मात्र नाही! अत्रे १९६९ साली गेले, तेव्हा ती २०३० उजाडल्यावरच मोकळी होईल. पुस्तकाची पानंच्या पानं फोटो काढून टाकण्याआधी हे बघत जा. नव्या आवृत्तीतल्या टिपा आणि चित्रंही अशीच वेगळी.

बोरकर १९८४ साली गेले, कुसुमाग्रज १९९९ साली. म्हणजे अनुक्रमे २०४५ आणि २०६०. त्यांची अख्खी कविता टाकायची तर प्रकाशकांना किंवा वारसांना रीतसर पत्र लिहा. रसग्रहण करताना चार ओळी उद्धृत करायला कायद्याची आडकाठी नाही. आईंनी हीच कविता का उतरवली असेल, ते लिहा आणि ओघात त्या ओळी येऊ द्या. मला तर तेच वाचायला अधिक आवडेल.

आणि एक कळकळीची विनंती. वहीवरून थेट टाइप करू नका. उतरवताना एखादं कडवं सुटतं, शब्द बदलतो. बहिणाबाईंच्या बोलीतले शब्द तर लोक ‘शुद्ध’ करून टाकतात, ते वाचताना माझा जीव तुटतो. छापील प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा, आणि खाली कवीच्या नावासोबत पुस्तकाचं नाव व आवृत्तीचं सालही लिहा. तुमच्या गावातल्या वाचनालयात जुन्या प्रती असतील, तिथे आधी विचारा.