आधी भूमिका ठरवा, मग चाली निवडा

पोकेमॉन गो या मोबाइल खेळात सारसबागेत पकडलेल्या माचोप या पोकेमॉनपासून तुमचा पहिला मचॅम्प (त्याचे अंतिम विकसित रूप) तयार झाला, याबद्दल मनापासून अभिनंदन. त्याच्या चालींकडे (लढतीतील हल्ल्यांकडे) वळण्याआधी तो रेडमध्ये (बलाढ्य पोकेमॉनविरुद्धच्या वेळेच्या मर्यादेतील लढतीत) लढणार की ग्रेट लीगमध्ये (इतर खेळाडूंविरुद्धच्या स्पर्धेत), हे निश्चित करा. रेडमध्ये घड्याळ चालू असल्यामुळे कमी वेळात जास्त इजा करणारा हवा; १५०० सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीच्या आकड्याची) मर्यादा असलेल्या ग्रेट लीगमध्ये मात्र अझुमॅरिल या पोकेमॉनसारखा मार सोसून टिकणारा सोबती मोलाचा ठरतो.

फायटिंग प्रकारचा मचॅम्प रेडसाठी उत्तम आहे. स्वतःच्या प्रकाराशी जुळणारी चाल १.२ पट इजा करते आणि प्रतिस्पर्ध्याची दुबळी बाजू गाठली की १.६ पट, टायरॅनिटार या पोकेमॉनचे रॉक आणि डार्क हे दोन्ही प्रकार फायटिंगपुढे दुबळे असल्याने तिथे हा दुबळेपणाचा गुणाकार (१.६ × १.६) २.५६ पर्यंत जातो. म्हणून मचॅम्पला काउंटर आणि डायनॅमिक पंच या फायटिंग प्रकारच्या चाली द्या. आषाढात पुण्यावर ढग दाटले आणि खेळातही ढगाळ हवामान दिसले, की याच चालींना आणखी बळ मिळते. ती संधी सोडू नका.

सुरुवातीच्या या चुका टाळा:

- केवळ सीपीचा मोठा आकडा पाहून स्टारडस्ट (पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारे साधन) खर्च करणे.
- चार्ज्ड चालीवरच (साठवलेल्या ऊर्जेवर चालणाऱ्या मोठ्या हल्ल्यावरच) लक्ष देऊन फास्ट चालीकडे (पुन्हापुन्हा करता येणाऱ्या झटपट हल्ल्याकडे) दुर्लक्ष करणे. चार्ज्ड चालीसाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः फास्ट चालीतूनच साठते, त्यामुळे ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.
- एलीट टीएम (हवी ती चाल निवडून शिकवणारी दुर्मिळ वस्तू) घाईने वापरणे.

आयव्हीचा (प्रत्येक पोकेमॉनच्या जन्मजात गुणांकांचा) हिशेब सध्या बाजूला ठेवा. आधी या मचॅम्पला घेऊन दोन-चार रेड खेळा.