डॅफ्नियावर सुक्रालोजची चाचणी: पहिल्यांदाच करताय?

डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातला इवलासा कवचधारी जीव, आणि सुक्रालोज म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोड पदार्थ. त्याच्या पाच-पाच तीव्रतांच्या (पाण्यातल्या प्रमाणांच्या) भानगडीत आत्ताच पडू नका. सुक्रालोज पाण्यात सहज विरघळतं, म्हणून आधी ओईसीडी २०२ (डॅफ्निया चाचणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) मधली मर्यादा चाचणीच, म्हणजे एकाच ठरलेल्या तीव्रतेची चाचणी, लावा: १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि शेजारी नुसत्या पाण्याचा कंट्रोल. दोन्हीकडे चार-चार बीकर, प्रत्येकात पाच पिल्लं. तापमान १८ ते २२ अंशांत एकसारखं ठेवा. ४८ तास खायला काही नाही.

पिल्लं २४ तासांच्या आतलीच हवीत. आदल्या संध्याकाळी माद्या वेगळ्या काढल्या की सकाळी मिळतात. पहिल्या वेताची मात्र घेऊ नका.

हमखास होणाऱ्या चुका:

- दुकानातल्या गोळ्या वापरणं. त्यातल्या लॅक्टोज किंवा माल्टोडेक्सट्रिनवर जिवाणू माजतात, ऑक्सिजन घटतो आणि खापर सुक्रालोजवर फुटतं. शुद्ध पावडरच घ्या.
- थेट नळाचं पाणी. क्लोरीन त्यांना सोसत नाही.
- पिपेटमधून वरून थेंब सोडणं. कवचात हवा अडकून पिल्लं पृष्ठभागावर तरंगत राहतात. रुंद तोंडाची पिपेट पाण्यात बुडवून सोडा.

मोजणी २४ आणि ४८ तासांनी. बीकर हलकेच फिरवा, १५ सेकंद बघा. पोहलं नाही तर ते निश्चल. नुसत्या मिशा हलत असल्या तरी निश्चलच धरायचं, इथे दयामाया नको.

कंट्रोलमधली वीसपैकी दोनपेक्षा जास्त निश्चल झाली, किंवा शेवटी ऑक्सिजन ३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेला, तर चाचणी बाद. ईसी५० (निम्मी पिल्लं निश्चल करणारी तीव्रता) आणि २१ दिवसांची प्रजनन चाचणी पुढे बघू.